कात्री सासूबाईंच्या कमरेला

कोऱ्या कापडाला खळीचा एक वास असतो, किंचित आंबूस, किंचित मातकट. आणि वैशाखातल्या तापलेल्या दुपारी, खिडकीवर ओलं पोतं टांगलेलं असताना, तो खोलीभर असा दाटतो की प्रत्येक श्वासाबरोबर नवेपणच आत ओढल्यासारखं वाटावं! मला तो वास लहानपणापासून प्रिय. पण पन्नास-साठच्या त्या वर्षांत नंदुरबारच्या आमच्या घरी शिलाईयंत्र आलं, मी आधी गल्लीची आणि मग साऱ्या पेठेची शिवणारीण झाले, आणि आखाजीच्या आधीच्या दिवसांत तोच वास मला नकोसा वाटू लागला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आम्हा सासुरवाशिणींचा खरा सण तोच. शेतं मोकळी झालेली, निंबाला झोके बांधलेले, घराघरांत गौराई बसलेली. अशा वेळी भावानं गाडी जुंपून यावं आणि बहिणीनं गाठोडं घेऊन माहेरी निघावं, एवढा साधा, एवढा निर्मळ आनंद! झोक्यावर बसलेल्या बाईला वय असतं का हो? पण लेकी माहेरी यायच्या म्हणजे थोरलीला झंपर हवं, धाकटीला पोलकं हवं, नातीला परकर हवा. ते शिवणार कोण? मी! म्हणून साऱ्या पेठेच्या लेकी माहेरी येत आणि मी माझ्या माहेरी, रनाळ्याला, जात नसे. माझा भाऊ आप्पा दरसाल गाडी घेऊन येई, ओट्यावर बसून ताक पिई, माझ्या खोलीतला कापडांचा ढीग बघे आणि एकटाच परत जाई.

तुम्ही म्हणाल, वेळेवर काम उरकायला काय झालं होतं? अहो, मी काय बसून होते! पहाटेपासून माझे पाय यंत्रावरून खाली उतरत नसत. पण शिवणाऱ्यांची एक रीत होती, आणि ती मी मोठ्या निष्ठेनं पाळत असे. कापड हाती आलं की ताबडतोब कात्री लावायची. एकदा ते कापलं गेलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, आणि आपलं काम सुरू झालं म्हणून तेही निर्धास्त होतं. परिणाम असा, की कापलेलं सगळ्यांचं आणि शिवलेलं कुणाचंच नाही. दारात येऊन जी मोठ्यानं ओरडेल तिचं हाती घ्यायचं. एक बाही जोडते न जोडते तोच दुसरी बाई दारात उभी. की लाल दोरा काढ, हिरवा ओव, हिरवा काढ, पांढरा ओव. चाकाची गरगर अखंड चाललेली, आणि दिवेलागणीला खुंटीवर तयार कपडा एकही नाही! कामात असणं वेगळं आणि काम होणं वेगळं, हे घामाघूम माणसाला कळावं तरी कसं? घाम दोन्हीकडे सारखाच येतो.

त्या वर्षी होळीनंतर रनाळ्याची एक बाई बाजाराला आली होती. ती सहज बोलून गेली, की तुझी आई यंदा आखाजीचं काहीच विचारत नाही. एरवी होळी पेटली की आईचं सुरू व्हायचं. नंदुरबारला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ती विचारायची, लेक दिसली का, येते म्हणाली का? आता तिनं विचारणंच सोडून दिलं होतं. मी यंत्र चालवू लागले. पण डोळ्यांत पाणी आलेलं, टाका दिसेना, अख्खी शिवण वाकडी गेली. सासूबाई दाराशी तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

सासूबाई म्हणजे फटकळपणाचा अर्क. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द कुणी ऐकला असेल तर त्यानं मला येऊन सांगावं! दुसऱ्या दिवशी सकाळी मला कात्री सापडेना. घर पालथं घातलं, आणि शेवटी बघते तर काय, ती त्यांच्या कमरेला खोचलेली! "पहिले शे ते शिव," त्या म्हणाल्या, "मंग कात्री मांग." म्हणजे हाती आहे ते आधी शिवून संपव. मी रडकुंडीला आले, गिऱ्हाइकं तुटतील म्हणून परोपरीनं सांगितलं. त्या तूर पाखडत राहिल्या.

मग ओट्यावर त्यांचंच राज्य सुरू झालं. पेठेतली एक थोराड बाई कापड घेऊन आली आणि निदान नुसतं कापून तरी ठेवा म्हणून हटून बसली. "कापीसन काय करशी? तुन्ही पोर तुकडा नेसी का?" सासूबाईंनी विचारलं. "घर ली जाय. तुन्हा नंबर उना की बलावसू." बाई फणकाऱ्यानं कापड घेऊन घरी निघून गेली. आत मी कपाळावर हात मारला, गेलं गिऱ्हाईक! पण पुढं तिचा नंबर आल्याचा निरोप गेला तेव्हा तीच बाई कापड घेऊन हजर झाली, आणि सासूबाईंशेजारी बसून गप्पा हाणत तूर निवडू लागली.

आणि आत, माझ्या खोलीत? सांगते तुम्हाला, काय ती शांतता! दाराशी कुणी ओरडत नाही, मधेच उठणं नाही. मी सगळी लाल कापडं एकीकडे केली आणि लाल दोरा ओवला, तो लाल संपेपर्यंत काढला नाही. एक झंपर हाती घेतलं, ते हुक लावून खुंटीला टांगल्यावरच उठले. पूर्ण झालेल्या वस्तूत केवढी कृतार्थता असते! अर्धवट कामांचं ओझं हाताला जाणवत नाही, ते छातीवर बसतं. आणि एकेक कपडा घडी होऊन बाहेर जाऊ लागला तशी मला माझी छाती हलकी होताना कळत होती. दुपारी तर मी जेवून चक्क आडवी झाले. कामाच्या ऐन गर्दीत मला झोप लागली, आणि सासूबाईंनी उठवलं नाही! ढीग उतरत उतरत त्याखालची सारवलेली जमीन दिसली, तेव्हा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू!

आखाजीच्या आदल्या सकाळी आप्पा आला. मी गाठोडं घेऊन ओट्यावर तयार उभी, आणि गाडी बघते तर सरकीच्या पोत्यांनी काठोकाठ भरलेली. टेकायलाही जागा नाही. आप्पा माझ्याकडे बघतच राहिला. "दरसाल रिकामी गाडी ली जास," तो ओशाळून म्हणाला, "म्हनीसन यंदा बाजारमाईन सरकी भरी लिधी." दरसाल गाडी रिकामीच परतते म्हणून यंदा त्यानं घरच्या म्हशीसाठी सरकी भरून घेतली होती. रीत म्हणून तो न्यायला आला होता, मी येईन असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. हसावं की रडावं, मला कळेना.

"सरकी आठे ऱ्हाऊ दे," सासूबाई आतून कडाडल्या. "म्हैस काई उपाशी मरी जात नही. पहिले मन्ही आंडेरले ली जाय." आंडेर म्हणजे लेक. इतकी वर्षं या घरात नांदले, पण हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता, आणि आताही वापरला तो माझ्याकडे पाठ करून. आप्पानं पोती उतरवून आमच्या ओट्यावर रचली.

वाटभर माझे हात मांडीवर स्वस्थ पडून होते. ऊन चढलं होतं, धूळ उडत होती, आप्पा बैलांशी काहीबाही बोलत होता, आणि काहीही न करता बसण्यात मला कसलीही रुखरुख वाटत नव्हती. गाडी रनाळ्याला दारात थांबली. आई बाहेर आली. सरकी का आणली नाहीस म्हणून ती आप्पावर ओरडायला लागली, आणि मधेच थांबली. तिनं मला बघितलं होतं.