सव्वासातचं फाटक

माझ्या वहीत तसनीमचं नाव पहिल्यांदा आलं, ते तिला शाळेबाहेर उभं राहावं लागलं म्हणून. पहाटेची फजरची नमाज झाली की कुराणाचं एक पान वाचायचं आणि मग आदल्या दिवसाचं चार ओळींत लिहून ठेवायचं, ही माझी लग्नापासूनची सवय. त्या दिवसाला चार ओळी पुरल्या नाहीत.

आमचं घर सुएझच्या अरबईन वस्तीत, मुलींच्या माध्यमिक शाळेच्या अगदी समोर, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून शाळेचं फाटक, अंगण, वरच्या वर्गांच्या खिडक्या, सगळं दिसतं. फाटकावरचा शिपाई शाबानभाऊ. सहाला कुलूप तोच काढतो, घंटा तोच देतो आणि सव्वासातला फाटक तोच लावतो. मग आत पोरींच्या रांगा, झेंड्याला सलामी, ध्वनिक्षेपकावरून कुराणाच्या आयती आणि दिवसाच्या बातम्या. हे आटोपेपर्यंत फाटक उघडत नाही. कुणासाठीच नाही.

तसनीम ही त्याची थोरली. तेव्हा पंधरा वर्षांची, तीन वर्षांच्या माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला. सकाळी सरकारी भट्टीच्या रांगेत उभं राहून घरासाठी रोट्या आणायचं काम तिचं. त्या रविवारी, शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, रांग काही हलेना. ती धापा टाकत आली तेव्हा फाटक नुकतंच लागलं होतं. डोक्यावर खजुरीच्या काड्यांची जाळी, तिच्यावर वाफाळत्या रोट्या.

"बाबा, एकच मिनिट झालंय!"

"म्हणजे झालंय ना?" आतून शाबानभाऊ.

"बाबा, रोट्या गार होतील."

"होऊ देत. गार रोटीनं कुणी मेलं नाही आजवर."

रांगेतल्या पोरी खिदळल्या. एक ओरडली, "बापाचंच फाटक, अन् पोरगी बाहेर!"

मला वाटलं, आता ही रडणार. पण ती जाळी सावरून ताठ उभी राहिली, फाटकाकडे तोंड करून. मला राहवलं नाही. दोरीला बांधलेली टोपली मी खाली सोडली.

"पोरी, रोट्या ठेव यात. दुपारी घेऊन जा."

तिनं वर पाहिलं. "मावशी, तुमच्याकडे मांजर आहे ना?"

"आहे. पण माझ्या वळणाची आहे, चोर नाही."

तेवढ्यातही हसली पोरगी. त्या दिवसापासून आमचा नेमच झाला. ती भट्टीवरून यायची, मी टोपली सोडायची, रोट्या वर, पोरगी आत. दुपारी रोट्या खाली. शाळेत तिला "शिपायाची पोर" म्हणत. कधी कुणी "ए, बापाला सांग, चहा आण" असं चिडवी. ती उलट म्हणे, "चहा बाबा फक्त मोठ्या बाईंना देतात. तू हो मोठी बाई, तुलाही देतील."

दुसऱ्या वर्षी तिनं विज्ञान शाखा घेतली. त्याच वर्षी सकाळच्या कार्यक्रमात "आजचा विचार" वाचायला तिला उभं केलं. पहिल्या दिवशी आवाज थोडा कापला, मग सुटला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. शाबानभाऊ फाटकाला पाठ टेकून उभा होता, मान खाली, किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट, वाजू नये म्हणून. मी वहीत लिहिलं: आज फाटकावर एक सुखी माणूस पाहिला. अल्ला नजर न लागू देवो.

खरी गोष्ट तिसऱ्या वर्षाची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती मोठी परीक्षा. तिच्या मार्कांवर कॉलेज ठरतं. ज्या घरात तिसऱ्या वर्षाचं मूल, त्या घरी आम्ही पाहुणे म्हणून जात नाही. टीव्हीवर चादर पडते. आणि त्या वर्षी शाळेतही कुणी जात नाही. नाव शाळेत, पोरगी क्लासात. शिक्षक सकाळी येऊन सही करतात, रिकाम्या बाकांसमोर चहा पितात आणि संध्याकाळी त्याच पोरींना क्लासात शिकवतात. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. असंच चालतं.

तसनीम म्हणाली, मी शाळेतच जाणार.

तिची आई सबाह तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. मी मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत बसले होते. "उम्म हुसाम," गल्लीत मला हुसामची आई म्हणूनच हाक मारतात, "तुम्ही तरी समजवा हिला. माझं ऐकत नाही, अन् बाप म्हणतो तिचं तिला ठरवू दे."

मीही सबाहच्याच बाजूची. म्हटलं, "अगं, सगळ्या जातात तिथं तूही जा. एकटी शहाणी होऊ नकोस. लागलं तर मी शाबानभाऊंशी बोलते."

"मावशी," ती माझ्यासमोर बसून पानं खुडू लागली, "पहिल्या वर्षी बाबांनी माझ्यावर फाटक लावलं. मी एक शब्द बोलले नाही. आता ते सहाला येऊन वरच्या वर्गाचं कुलूप काढतात आणि वर चिटपाखरू नसतं. मीच गेले नाही, तर बाबा काय रिकाम्या खोलीची राखण करतात?"

"बापाच्या मानापायी मार्क घालवशील!" सबाह कडाडली.

"मार्क मी आणते, आई. तू नुसती दुआ कर."

तिला विज्ञानाची शिक्षिका व्हायचं होतं. त्या कॉलेजला मार्क चांगलेच लागतात. सबाह डोळे पुसत गेली, आणि मी पातेलं चुलीवर ठेवताना स्वतःशीच म्हटलं, पोरगी बुडणार.

वरच्या वर्गाची खिडकी माझ्या बाल्कनीसमोरच. पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राचे मुनीर सर रोजचा पेपर आणि चहाचा थर्मास घेऊन आत आले, तो समोर तसनीम.

"तू इथं काय करतेस?"

"हजेरीला आले, सर."

"घे, लावली. जा घरी."

"सर, मग एकच प्रश्न."

तो एक प्रश्न रोजचा झाला. मुनीर सर अंगानं भारी, गुडघे दुखरे. त्यांचं ओरडणं गल्लीत ऐकू येई, "अगं माझे आई, तुझ्यापायी मला खुर्चीतून उठावं लागतं!"

"बसून सांगा, सर. फळ्यापाशी मी उठते."

असं करता करता नोव्हेंबरात पेपर तसाच घडी घातलेला दिसू लागला. रसायनाच्या बाईही येऊ लागल्या. एका पोरीसाठी पूर्ण तास. मी वहीत लिहायची: आज वर एकच.

मग जानेवारीची सराव परीक्षा झाली. भौतिकशास्त्रात साठात एकतीस. क्लासातल्या पोरींना पन्नासच्या वर. सबाहनं गल्लीत माझ्याशी बोलणं टाकलं, जणू मीच पोरीला फूस लावली होती. दोन दिवस तसनीम आली नाही. टोपली मी सोडली, रिकामीच वर ओढली. शाबानभाऊनं सव्वासातला फाटक लावलं आणि कुलपाकडे बघत बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मुनीर सर हातातल्या खडूसकट फाटकापाशी आले.

"शाबानभाऊ, कुठाय ती?"

"घरी, सर. आई म्हणते, क्लास लावू."

"मी फळाभर आकृती काढून ठेवलीय! आता ती कुणाला शिकवू, बाकांना?"

"सर, मी फक्त फाटक बघतो."

सरांनी मान वर केली आणि भर गल्लीत हाक मारली, "ओ उम्म हुसाम! रोट्यांवाली दिसली की सांगा तिला, एकतीस मार्क तिचे नाहीत, माझे आहेत. ऑक्टोबर संपेपर्यंत मी पेपर वाचला, ते धडे राहिले. ते मी भरून देतो!"

मी डोक्यावरून ओढणी घेतली आणि तडक सबाहच्या दारात गेले. शब्दाला शब्द सांगितला, खडूसकट. सबाह आत बघून म्हणाली, "तसनीम, उद्या रोट्या लवकर आण. उशीर झाला तर तुझा बाप काही फाटक उघडायचा नाही."

तिसऱ्या दिवशी टोपली जड आली. त्यानंतर सर रोज अर्धा तास आधी येत. परीक्षेच्या प्रत्येक सकाळी मी कुराणातली सूरा यासीन वाचली. सबाह तेव्हा माझ्या शेजारीच बसलेली असे.

निकाल लागला त्या दुपारी खालून सबाहची लांबलचक हर्षाची किलकारी ऐकू आली आणि गल्लीतल्या साऱ्या बायकांनी तिला साथ दिली. शेकडा एक्याण्णव. हवं ते कॉलेज मिळण्याइतके. लाल सरबताचे पेले दारोदार गेले. शाळेला सुट्टी होती, तरी शाबानभाऊ तिथं गेला, वरच्या मजल्यावर चढला आणि तो फळा ओल्या फडक्यानं पुसून आला. मी त्याला खिडकीतून पाहिलं. पुसून झाल्यावर तो पहिल्या बाकावर क्षणभर बसला, म्हातारा विद्यार्थी जणू. मी त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं: मी चुकले होते. अल्ला, शुक्र आहे तुझा.

नवं वर्ष सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गात अकरा पोरी आल्या. गल्लीतल्याच, तसनीमला बघून. क्लासही चालूच होते त्यांचे, पण सकाळी त्या शाळेत. मी खिडकीतून दोनदा मोजल्या.

बुधवारी तसनीम नव्या कॉलेजला निघाली होती. आधी माझ्या टोपलीत रोट्या ठेवल्या, कारण त्या आता धाकट्या बहिणीनं दुपारी न्यायच्या. तेवढ्यात घंटा झाली, फाटक लागलं आणि कोपऱ्यावरून मुनीर सर धावत आले. धावत! थर्मास एका हातात, पुस्तकं काखेत.

"शाबानभाऊ, उघडा! वर पोरी वाट बघतायत!"

"सर, सव्वासात होऊन गेले."

"अहो, मी शिक्षक आहे!"

"हो ना. ही माझी मुलगी होती."

तसनीमला हसू आवरेना. तिनं सरांच्या काखेतली पुस्तकं घेतली आणि ताठ उभी राहिली, फाटकाकडे तोंड करून, पहिल्या वर्षी राहिली होती तशी. "उभे राहा, सर," ती म्हणाली, "झेंड्याची सलामी झाली की उघडतात. मला ठाऊक आहे."

सर थर्मास छातीशी धरून तिच्या शेजारी उभे राहिले. आत ध्वनिक्षेपक सुरू झाला. नवी कुणी पोर "आजचा विचार" वाचत होती, आवाज थोडा कापत होता. मी टोपली वर ओढली. फाटकाच्या आत शाबानभाऊनं किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.