बहिणीसाठी स्थळ शोधणारा जपानी वीर

मला जगातला एकच व्हिडिओ गेम मनापासून आवडतो आणि त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नाही. गेम जपानी आहे. आमच्या घरात आला तेव्हाही जपानी होता आणि आज मोबाइलवरून टीव्हीला जोडून खेळतो तोही जपानीच. मधे एकदा कंपनीतल्या एका पोराने मला त्याची इंग्रजी आवृत्ती मिळवून दिली होती. ती मी पाच-दहा मिनिटं बघितली. आमच्या घरातला जाडा जावई त्यात कुठलीशी शपथ घेत होता. मला ते परक्या माणसाचं पत्र फोडल्यासारखं वाटलं आणि मी बंद केलं.

हा जावई कोण, ते सांगायला हवं.

मी शाळेत होतो तेव्हा काकांनी दिवाळीत टीव्हीला जोडायचा गेम आणला. तेव्हा आमचं गावठाण पुरतं शहरात गेलेलं नव्हतं. घराच्या मागे अजून आमचं कांद्याचं रान होतं आणि त्यापलीकडे एका कंपनीची भिंत. गेमसोबत आलेल्या कॅसेटींमध्ये कुणी उड्या मारत होतं, कुणी गोळ्या झाडत होतं. त्यांचा कंटाळा आल्यावर काकांनी देहूरोडच्या बाजारातून आणखी एक पिवळी कॅसेट आणली. वरचं चित्र फाटलेलं होतं. आत जबर मारामारी आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

लावून बघितली तर एक मुलगा पलंगाशेजारी उभा. बटण दाबलं की चालायचा. माणसासमोर जाऊन उभा राहिला की खाली चौकट यायची आणि तिच्यात जपानी अक्षरं टकटक उमटायची. घरातली बाकीची पोरं थोडा वेळ थांबली आणि विटीदांडू खेळायला निघून गेली. टीव्हीसमोर मी राहिलो आणि माझी काकी राहिली.

काकी गेम बघायला बसलेली नव्हती. टीव्हीशेजारच्या खिडकीत उजेड चांगला येतो म्हणून ती तिथे तांदूळ निवडायला बसायची. पण समोर काही हलत असेल तर त्याचा अर्थ लावल्याशिवाय तिला राहवत नाही. तोवर पडद्यावरच्या माझ्या मुलाला तिघं जण येऊन मिळाले होते: पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी, तलवार घेतलेला एक जाडा आणि काठीवाला एक म्हातारा. चौघं एका रांगेत चालायचे. काकीने सूप खाली ठेवलं आणि थोडा वेळ बघून म्हणाली, "ही पोरगी बहीण हाय त्याची. बायकू असती तर फुडं चालली असती."

मला ते पटलं. आमच्या घरात काकी पुढेच चालायची.

जाडा हा थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे जावई, कारण लढाईत तो शेवटी मारायचा आणि मार मात्र कधी खायचा नाही. म्हातारा मामा. आता भाऊ, जावई आणि मामा एका लग्नाच्या मुलीला घेऊन गावोगाव कशाला फिरतील? काकीच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ते स्थळ बघायला निघाले होते.

आणि खरं सांगतो, सगळं बसलं. हे चौघं कुठल्याही गावात शिरले की सरळ लोकांच्या घरात घुसायचे, कपाटं उघडायचे, रांजणात डोकावायचे आणि घरातलं कुणी त्यांना हटकायचं नाही. काकी म्हणायची, बघायला आलेल्यांना कोण हटकतंय, घरात धान्य किती आहे ते बघायलाच हवं. प्रत्येक गावात एक धर्मशाळा होती. तिथे झोपले की एक छोटी गोड धून वाजायची आणि सगळे ताजेतवाने व्हायचे. दोन गावांच्या मधल्या रानात चिकट गोळे, वटवाघळं आणि हाडांचे सापळे आडवे यायचे. ते भावकीतले, स्थळ मोडणारे. एकदा एक मोठा तीन तोंडांचा साप आला तेव्हा काकीने त्याला बघताक्षणी ओळखलं आणि एका नात्यातल्या बाईचं नाव घेतलं. ती बाई अजून हयात आहे, त्यामुळे मी ते इथे घेत नाही.

गेम जिथे सोडला तिथून पुन्हा सुरू करायचा तर त्याने दिलेली जपानी अक्षरांची लांबलचक ओळ लिहून ठेवावी लागायची. मला ती अक्षरं काही केल्या जमायची नाहीत. काकीचा रांगोळीचा हात होता. तिने खडू घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला ती अक्षरं हुबेहूब काढली. दुसऱ्या दिवशी गेमने ती निमूट मान्य केली. मग रोजची अक्षरं दारामागे, असं ठरून गेलं. पुढे काकीची नणंद, म्हणजे माझी आत्या, माहेरपणाला आली आणि पीठ घ्यायला गेली तेव्हा दार लोटल्यावर तिला ते दिसलं. आत्याने कुणाला काही विचारलं नाही. चहासुद्धा न घेता तिने पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीने तळेगावला सासरी गेली. तिकडे तिने सांगितलं की वहिनीने घरावर काहीतरी करून ठेवलंय. ते मिटवायला काकांना दोनदा तळेगावला जावं लागलं. दुसऱ्या खेपेला ते गेमची कॅसेट पुरावा म्हणून घेऊन गेले. आत्याने कॅसेटला हात लावला नाही, पण चहा दिला.

शेवट आम्ही परीक्षेनंतरच्या सुट्टीत गाठला. काळ्या किल्ल्यात एक शिंगवाला राक्षस होता. काकीच्या हिशेबाने तो नवरदेवाचा बाप होता आणि मानपानावरून अडून बसला होता. त्याला हरवायला मला सगळी दुपार लागली. मग राजवाडा आला, लाल गालिचा आला, दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले आणि माझा मुलगा आणि पांढऱ्या कपड्यातली मुलगी त्या गालिच्यावरून हातात हात घालून चालत गेले. वरून फुलं पडत होती. काकीने डोळ्याला पदर लावला.

मी विचारलं की नवरदेव कुठे आहे.

"आत आसंल," काकी म्हणाली. "भाऊ घिऊन चाललाय न्हवं तिला."

नवरदेव काही आला नाही. जपानी अक्षरं येत राहिली, धून वाजत राहिली आणि पडदा काळा झाला. मला ते कधी खटकलं नाही. आमच्याकडच्या लग्नातही नवरदेव वेळेवर येत नाही.

पुढे रान गेलं. त्याच्यावर इमारत झाली, इमारतीत भाडेकरू आले, काका गेले, आणि मी चाकणला, गाड्यांचे पत्रे दाबून भाग काढतात त्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला लागलो. पण कामावरून आलो की मी अजूनही तो गेम लावतो. लोक विचारतात, शेवट माहीत असताना पुन्हा पुन्हा काय खेळतोस राव? मला त्या हिरव्या चौकटींवरून चालायला बरं वाटतं. डोंगराला वळसा घातला की पूल येतो आणि पुलापलीकडे ते गाव येतंच. विहिरीजवळची बाई तिथेच उभी असते आणि तेच बोलते. त्या नकाशात अजून कुणी प्लॉट पाडलेले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नवीन प्रेस आली आणि ती बसवायला जपानहून एक इंजिनिअर आले. ते माझ्यापेक्षा थोडे मोठे, बारीक आणि फार कमी बोलणारे होते. जपानी माणसाच्या नावापुढे 'सान' लावतात एवढं आम्हाला ठाऊक होतं, पण नाव काही जिभेवर बसेना, म्हणून सगळी लाइन त्यांना 'सानसाहेब' म्हणायला लागली. त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून एक मुलगी होती. लातूरकडची, पुण्यात जपानी शिकलेली, आणि बोलायला एकदम सरळ.

एकदा ट्रायल थांबली होती. तेल गरम होईपर्यंत काही काम नव्हतं. मी स्वतःशीच धर्मशाळेची धून गुणगुणत होतो आणि सवयीप्रमाणे अर्ध्यावर थांबलो. मशीनच्या मागून उरलेली अर्धी धून ऐकू आली. सानसाहेब हातात ग्रीसचा डबा घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी हवेत तलवार फिरवून दाखवली. त्यांनी डबा खाली ठेवला आणि चिकट गोळा कसा उड्या मारत येतो ते करून दाखवलं. आमचे शिफ्ट इन्चार्ज तेव्हाच तिकडून चालले होते. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि चालतच राहिले.

दुभाषीने सांगितलं की हा गेम त्यांनी लहानपणी इतक्या वेळा खेळलाय की त्यांना तो पाठ आहे. मी त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. काकी आता थकली आहे, पण पाहुणा त्या गोष्टीच्या गावचा आहे हे कळल्यावर तिने मासवडीचा घाट घातला.

ते दोघं आले तेव्हा काकी दारातच उभी होती. तिने विचारलं, "वाट सापडली न्हवं?"

जपानीत हो म्हणायला 'हाय' म्हणतात. सानसाहेब वाकून म्हणाले, "हाय."

"भूक हाय का?"

"हाय."

काकी माझ्याकडे वळून म्हणाली की ह्याला तर आपली बोली येते, उगाच पोरीला कशाला ताप दिला. दुभाषी काही सांगणार तेवढ्यात काकीने पुढचा प्रश्न टाकला. "आमच्याकडचं पानी बाधलं न्हाई ना? पोटात दुखतंय का?"

"हाय," सानसाहेब म्हणाले.

काकीने त्यांना तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं आणि मूठभर ओवा आणि गरम पाणी दिलं. त्यांना वाटलं जेवणाची सुरुवात आमच्याकडे अशी होते. त्यांनी सगळा ओवा मन लावून चावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाकून नमस्कार केला. मासवडीच्या कापलेल्या वड्या बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडेही असंच गुंडाळून कापलेलं काही असतं म्हणे. ह्यात मासा नाही हे दुभाषीने त्यांना दोनदा सांगितलं, तरी ते आत शोधत राहिले.

जेवण झाल्यावर मी गेम लावला आणि काकीने त्यांना गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, काहीही न गाळता: बहीण, जावई, मामा, धान्याचे रांजण, भावकी, मानपान. दुभाषी सांगत होती आणि सानसाहेब मांडीवर हात ठेवून ऐकत होते. एकदाही हसले नाहीत. जावयाच्या ठिकाणी फक्त त्यांचा खांदा हलला.

शेवटी काकीने इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "त्यास्नी इचार, नवरदेव शेवटाला का दावला न्हाई?"

दुभाषीने विचारलं. सानसाहेबांनी एक छोटं वाक्य बोलून दाखवलं. दुभाषीने काकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे वळून बराच वेळ काहीतरी सांगितलं. ते विचारात पडले. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, काकीकडे बघितलं आणि मग सावकाश, थांबत थांबत, चांगलं पाच मिनिटं बोलले.

"ते म्हणतात, नवरदेव आत होता," दुभाषी म्हणाली.

काकीने विचारलं, एवढं बोलला आणि एवढंच? दुभाषी म्हणाली की जपानी भाषा जरा लांब असते. काकीचं समाधान झालं. ती म्हणाली की ती तेव्हाच बोलली होती, आणि आत सुपारी आणायला गेली.

मी त्यांना चाकणच्या हॉटेलवर सोडायला निघालो तेव्हा दुभाषीला गाडीत विचारलं. तिने सरळ सांगितलं. ती मुलगी बहीण नाहीच. शेवटी लग्न होतं ते त्या दोघांचंच, आणि जपानमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "पण मी त्यांना म्हटलं, इथे तसं सांगता यायचं नाही, काकींनी त्यांना भाऊ-बहीण मानलंय. मग त्यांनी बराच विचार केला. गेम बनवणाऱ्यांची मनातल्या मनात माफी मागतो म्हणाले, आणि नवरदेव आत बूट घालत होता असं सांग म्हणाले. बूट मी गाळले, कारण काकींनी विचारलं असतं मांडवात बूट कशाला."

मागच्या सीटवर सानसाहेब झोपले होते आणि गाडीभर ओव्याचा वास येत होता.

मला धक्का बसला का? बसला. तळवड्याच्या सिग्नलला हिरवा लागलेला मला कळला नाही, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं. मी ज्यांना इतकी वर्षं एका रांगेत चालवलं, एका धर्मशाळेत झोपवलं, त्यांच्याबद्दल हे ऐकणं सोपं नव्हतं. दोन दिवस मी गेमला हातच लावला नाही. कुणाच्या घरात नको तेव्हा शिरल्यासारखं वाटत होतं.

प्रेस सुरू झाली आणि सानसाहेब परत गेले. जाताना लाइनवर सगळ्यांना वाकून नमस्कार करून गेले. मला वेगळा असा काही निरोप दिला नाही, फक्त गेटपाशी त्या चिकट गोळ्यासारखी एक उडी मारली.

मग मी पुन्हा खेळायला बसलो. गेममध्ये रांगेचा क्रम बदलता येतो. इतकी वर्षं मुलगी मुलाच्या लगेच मागे असायची; आता लग्न होईपर्यंत मी दोघांच्या मधे मामाला ठेवतो आणि सगळ्यात शेवटी जाडा. परवा काकी येऊन शेजारी बसली. तिचे डोळे अधू झालेत, पण एवढं तिला लगेच दिसलं. मामा मधे कसा आला, तिने विचारलं.

मी सांगितलं की मामांचे गुडघे दुखतात, म्हणून मधे घेतलंय.

काकीने मान हलवली. "मग दमानं चालव," ती म्हणाली.

तिथून पुढे पुलापर्यंत मी त्यांना अगदी दमाने नेलं.