आगटीपासून चाळीस पावलांवर

गिळताना माणूस श्वास घेत नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर मी खात होतो, बोलत होतो आणि श्वासही घेत होतो, तिन्ही एकदम, आणि त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं. मग फुफ्फुसं हळूहळू वाळल्या शेंगेसारखी कडक होत गेली. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली, नुसतं "हं" म्हणाले, आणि माझ्या खांद्याला एक मशीन आलं. शाळेच्या दप्तराएवढं. ते हवेतून ऑक्सिजन गोळा करतं आणि मी नाकाने श्वास ओढला की नळीतून एक फुंकर सोडतं. फुस्स, टक. फुस्स, टक. एका फुंकरीत एकच काम होतं. एक घास, नाहीतर तीन शब्द.

आणि माझा सगळा थाट बोलण्याचा! साताऱ्या-सांगलीकडच्या जत्रांमध्ये कुस्तीच्या मैदानात मी जवळजवळ तीस वर्षं माईक हातात घेऊन उभा राहिलो. कोण कुणाचा पठ्ठा, कुणी कोणता डाव टाकला, कुणाच्या बापाने कुणाच्या बापाला कधी चीत केलं होतं, हे सगळं मी एका दमात सांगायचो. तो दम कुठून यायचा याचा विचार करायला मला सवड नव्हती.

त्या तीस वर्षांतला माझा सर्वांत लाडका किस्सा असा. एका जत्रेत दोन पैलवान पाऊण तास एकमेकांना धरून मातीत पडले होते. एक वर, एक खाली, आणि हलेना कुणीच. मैदानामागे मटणाचा रस्सा शिजला होता. मी हळूच सटकलो, माईक काखेत मारला आणि पंगतीला बसलो. माईक चालू होता. सगळ्या मैदानाने कर्ण्यातून ऐकलं, "वाढ की रं, तळातलं घाल. घाई कर, संपत आलंय!" मैदान गप्प. तेवढ्यात खालचा पैलवान, हनुवटी मातीत रुतलेली असताना, वरच्याला म्हणाला, "सोड गड्या. संपत आलंय म्हनत्यात." दोघांनी हात मिळवले आणि कुस्ती बरोबरीत सुटली.

हे शेवटचं वाक्य हळू म्हणायचं असतं. त्याच्या आधी एक घास खाऊन होईल एवढं थांबायचं असतं. ही माझी कमाई आहे.

दर जानेवारीत वडूजला माझ्या चुलतभावाच्या, दादाच्या रानात हुरडा असतो. आगटीच्या उजव्या अंगाला घोंगडी, त्या घोंगडीवर मी, आणि पहिली कणसं निघाली की हा किस्सा. असं वर्षानुवर्षं चाललं. गेली दोन वर्षं ती घोंगडी माझ्याविना होती. यंदा मेहुणा त्याची गाडी घेऊन आम्हाला साताऱ्याहून तासगावला, बायकोच्या माहेरी न्यायला आला, आणि मी ठरवलं की यंदा आपल्या जागेवर बसायचं.

"हायवेने जाऊ," बायको म्हणाली. "उंब्रज, कऱ्हाड. वाटेत दवाखाने आहेत."

"वडूजवरून," मी म्हणालो. "वाटेत हुरडा."

डॉक्टरांना फोन झाला. खाण्याला त्यांची ना नव्हती. फक्त थोडं थोडं खावं, पोट तट्ट भरलं की ते वर दाबतं आणि श्वास कमी पडतो. आगीपासून दहा फूट लांब राहावं, नळीतून ऑक्सिजन येतो. धूर तर नकोच.

पुसेगावच्या अलीकडे मिसळीसाठी थांबलो. थांबलो म्हणजे गाडी भट्टीपासून लांब उभी केली आणि मिसळ खिडकीशी आली. तिखट रश्श्याने नाक वाहतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाकात नळी असताना ते वाहतं तेव्हा काय होतं, हे मी सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. हॉटेलवाला हात पुसत खिडकीशी आला.

"सायेब, ह्ये लावल्याव वास येतो का वो?"

"येतो. थोडा. उशिरा."

त्याला फार वाईट वाटलं. आत जाऊन तो कटाचं उकळतं भांडं घेऊन आला आणि थेट माझ्या नाकाखाली धरलं. "आता?" मी इतका खोकलो, की त्याने भांडं टपावर ठेवलं आणि बायकोचे पाय धरायच्या बेतात आला. तरी मिसळ मी संपवली. एकवीस घास, मध्ये एकवीस विश्रांत्या. पाव पार गार झाला होता, आणि तरीही काय लागत होता म्हणून सांगू!

वडूजला पोचलो तर दादा बांधावरच उभा. दादा सत्तरीचा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, अजून ताठ. त्याने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बारीक झालास रं."

"तू नाहीस."

"आरं, बोलतोय की ह्यो!" तो आगटीकडे बघून ओरडला, आणि तिथे बसलेली वस्तीवरची दहा-बारा माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी माझी घोंगडी झटकली.

इथे माझी बायको मध्ये आली. डॉक्टरांचे दहा फूट तिला पसंत नव्हते. ती आगटीपासून निघाली, मोजत मोजत लिंबाच्या झाडापर्यंत आली आणि म्हणाली, "चाळीस. इथे खुर्ची ठेवा." वारा आडवा होता, धूर आमच्याकडे येतच नव्हता. मी काही बोलायच्या आत प्लास्टिकची खुर्ची आली, खुर्चीत मी आलो, आणि सगळे आगटीकडे परत गेले.

हुरड्याचं एक असतं. कणीस निखाऱ्यातून काढलं, तळव्यावर चोळलं, फुंकलं, की ते कोवळे दाणे त्या क्षणी तोंडात गेले पाहिजेत. चाळीस पावलांत ते निवतात. दादाला ते मान्य नव्हतं. तो गरम कणीस तळव्यावर चोळत चोळत पळत यायचा, सत्तरीचा सुभेदार, "हाऽ हूऽ" करत, आणि दाणे माझ्या हातात ओतायचा. चौथ्या खेपेला तो माझ्याशेजारी मटकन बसला.

"तुजं मशीन दे रं जरा," तो धापा टाकत म्हणाला.

हुरडा गरम होता. दुधाळ, गोड, धुराचा वास असलेला, तो वासही थोडा उशिरा आला. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. एक चिमूट, एक फुंकर. खरं सांगतो, मी खूश होतो. दादा परत आगटीकडे गेला आणि मी तिकडे बघत बसलो. घोंगडीवर माझ्या जागेवर मेहुणा बसला होता.

मग त्याचा आवाज आला. "आमच्या दाजींचा किस्सा सांगतो तुमास्नी, माईकचा."

मेहुणा माणूस सोन्यासारखा आहे. पण किस्सा त्याच्या हातात दिला की माकडाच्या हातात फुलदाणी दिल्यासारखं होतं. त्याने सुरुवातीलाच रस्सा मटणाचा होता की कोंबडीचा यावर वेळ घालवला. मग पैलवान तीन केले. तीन! मी खुर्चीत पुढे सरकलो. "ए," मी म्हणालो. तो "ए" लिंबाच्या सावलीबाहेरसुद्धा गेला नाही. आवाज बसला नव्हता, तो होता तसाच होता, फक्त त्याला पुढे ढकलायला मागे काही नव्हतं. पाच हजार माणसांच्या मैदानात माईक बंद पडला तरी मी बोलत राहिलेला माणूस आहे. आणि इथे चाळीस पावलांवर माझा किस्सा फाटत होता, मी तो नुसता ऐकत होतो.

मग मी हात वर केला. थांब, अशा अर्थी. पंजा उघडा, जोरात हलवला.

आता आमच्या भागात खाणाऱ्या माणसाने हात आडवा केला, वर केला, ताटावर झाकला, तर त्याचा अर्थ एकच असतो. वाढा. दादाची बायको, वहिनी, आगटीपासूनच ओरडली, "आवं, भावजींना संपलं वाटतं!" आणि एकजण ओंजळभर हुरडा घेऊन पळत आला. मी मान हलवली. त्याने आणखी ओतला. मी पुन्हा हात केला, आता दोन्ही. दही आलं. मी बोटाने मेहुण्याकडे दाखवलं. बोटाच्या दिशेला चटणीची वाटी होती, ती आली. नको म्हणायला तोंड उघडलं, तर वहिनीने स्वतः येऊन तोंडात गुळाचा खडा घातला. माणसाने तोंडात गूळ असताना काय भांडावं?

पोट वर दाबायला लागलं. फुस्स, टक फार लवकर लवकर यायला लागलं. आणि तिकडे मेहुणा उभा राहिला होता, हातवारे करत.

"दाजी असं मागं सरलं, असं मागं सरलं, आणि गप्पकन पातेल्यात!"

रान हसलं. दादा मांडीवर थापा मारत होता. बायको, जिने हा किस्सा शंभर वेळा ऐकलाय, तीसुद्धा पदराने डोळे पुसत होती.

मी उठलो. मशीन खांद्याला घेतलं आणि निघालो. पहिली दहा पावलं रागाने गेली. पुढची दहा कशाने गेली माहीत नाही. विसाव्या पावलाला दम संपला आणि मी ज्वारीच्या सरीत बसलो.

"आगीकडं येऊ नका!" म्हणत सगळी माणसं उठून धावत आली. बायको सर्वांत पुढे, तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धं राहिलेलं. तिने नळी बघितली, मशीनचे दिवे बघितले, नखं निळी पडली नाहीत ना ते बघितलं. सगळे भोवती गोल करून उभे राहिले.

"काय हवंय?" ती म्हणाली. "अहो, काय हवंय तुम्हाला?"

मला काय हवं होतं ते सांगायला अर्धा तास लागला असता. दोन पैलवान, मातीत रुतलेली हनुवटी, ती थांबण्याची जागा. माझ्याकडे एका वाक्याचा श्वास होता. मी तो गोळा केला. एक फुंकर, दुसरी, तिसरी. सगळे वाकून बघत होते.

"मी पातेल्यात," मी म्हणालो. फुस्स, टक. "पडलो नव्हतो."

मग दादा जो फुटला, तो सरीत आडवाच झाला. त्याच्यामागून सगळे. इतकं हसणं मला भर मैदानात माईकवरसुद्धा कधी मिळालं नव्हतं. मी नको नको म्हणत हात हलवत होतो, त्याने ते आणखी वाढत होतं. शेवटी मलाही हसू आलं, आणि हसण्याइतकं महाग काम दुसरं नाही, म्हणून बायकोने माझं तोंड हातानेच मिटलं. कुणी उठेना. तिथेच, ढेकळांत, सगळे माझ्याभोवती बसून राहिले. "आरं कणसं जळाली!" असं कुणीतरी म्हणालं, तरीही कुणी उठलं नाही. आगटी वीस पावलांवर एकटीच धुमसत होती.

वडूज सोडल्यावर मी पुढच्या सीटवर बसून मेहुण्याला खरा शेवट सांगायला सुरुवात केली. तीन तीन शब्द. मायणी गेली. पैलवान दोनच होते, हे पटवण्यात बराच रस्ता गेला. विटा दिसायला लागलं तेव्हा मी खालच्या पैलवानापाशी पोचलो. थांबलो, एक घास खाऊन होईल एवढं. मग हळू म्हणालो, "सोड गड्या. संपत आलंय म्हनत्यात."

मेहुण्याने गिअर बदलला.

"दाजी, राग मानू नका," तो म्हणाला. "पातेलंच बरं हाय."

मी हात वर केला. मागच्या सीटवरून बायकोने डबा उघडला आणि त्या हातावर गार हुरडा ठेवला.