न भाजलेला राब

महाडच्या कॉलेजात मी हवामान बदलाचा विषय शिकवते. विज्ञान, धोरण आणि नीती असे त्याचे तीन भाग आहेत. विज्ञानात सांभाळून बोलावं लागतं, धोरणाचा मलाच कंटाळा येतो, पण नीतीच्या तासाला मला चेव चढतो. तिथे आवाज चढवता येतो, आणि आवाज चढवायला मला आवडतं. घरचेही हेच सांगतील.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ‘जबाबदारी कोणाची’ हा भाग चालू होता. मुलं पेंगत होती. ध्रुवावरच्या बर्फाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, जवळचं उदाहरण हवं होतं. हायवेवरचे ट्रक घेता आले असते, पण दोघातिघांच्या घरी ट्रकचाच धंदा. कारखाने घेता आले असते, पण निम्म्या वर्गाचे वडील तिथेच कामाला. तेवढ्यात खिडकीतून समोरच्या डोंगरावर धूर दिसला. कोणीतरी राब भाजत होतं.

भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात. तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, आणि पाऊस पडला की तिथे भात पेरतात. यालाच राब भाजणं म्हणतात. मी त्या धुराकडे बोट दाखवलं आणि सुटलेच. वाडवडील जाळत आले म्हणून आपणही जाळतच राहायचं का? जाळू नका, कुजवा! वर्ग खडबडून जागा झाला. मला फार बरं वाटलं.

पाल्यातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि पाला जळला काय, कुजला काय, तो बराचसा हवेतच परत जातो, हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगितलं असतं तर उदाहरणाची सगळी धार गेली असती. म्हणून नाही सांगितलं. आणि कुजवायचं कसं, रोपांतल्या तणाचं काय करायचं, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या अंगाला तिची वाडी. वडील मुंबईला गोदामात कामाला, घरी ती आणि आई. माझं बोलणं इतक्या मनावर घेणारं दुसरं कोणी त्या वर्गात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तिच्याकडेच बघून शिकवायचे.

पावसाळ्यात नव्या वर्षाचे तास सुरू झाले तेव्हा ती बरेच दिवस आलीच नाही. आली त्या दिवशी मी तिला सगळ्यांदेखत झापलं. कॉलेज म्हणजे धर्मशाळा वाटली का, वगैरे. तिच्या बोटांना चिखलाने भेगा पडल्या होत्या.

"लावणी होती, मॅडम."

"लावण्या कधीच उरकल्या सगळ्यांच्या!"

ती तास संपल्यावर माझ्या मागोमाग आली आणि जिन्यात हळूच म्हणाली, "आम्हाला उशीर झाला. राब भाजला नव्हता ना. मी आईशी भांडून पाला कुजवायला घातला. पण रोपांपेक्षा तणच जास्त आलं. लोकांची उरलेली रोपं मागून आणली, तरी निम्मं शेत तसंच राहिलं." मग म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल, मॅडम."

तिने मला दोष दिला असता तर मी भांडले असते. त्याची मला सवय आहे. हे मात्र पचेना. घास घेताना तिचं वाक्य आठवायचं आणि माझी मला लाज वाटायची.

दसऱ्याच्या सुमारास एका रविवारी मी तिच्या वाडीवर गेले. चूक माझी होती, हे तिच्या आईला तोंडावर सांगायचं ठरवूनच गेले होते. वाटेत सगळ्यांची शेतं पिवळी झालेली. त्यांच्या शेतात अर्ध्या भागात गवत माजलं होतं. ते कोणाचं शेत, हे मला विचारावं लागलं नाही.

आईने ओटीवर चटई टाकली, कोरा चहा दिला. कॉलेजातल्या मॅडम आल्यात म्हटल्यावर शेजारीणही येऊन बसली.

"म्याडम, हिला जरा शिकवा बघू," ती आईकडे हात करून म्हणाली. "औंदा हिनं राबच भाजला नाय. म्हणं अंगात कणकण व्हती. सगळी वाडी हसतेय."

"व्हती गो कणकण," आई हसत म्हणाली.

मी कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. तशी आई पटकन उठली. "म्याडम, चला, हातपाय धुवून घ्या," म्हणत मला घरामागे घेऊन गेली.

"काय बोलू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पोरीचा बा दिवाळीला येनार हाय. पोरीनं कालेजात शिकून शेत घालवलान, असं त्याच्या कानावर गेलं तर तो कालेज बंद करील तिचं. माझा आळस म्हनतायत ना? म्हनूद्यात. चार दिवस बोलतील नि गप व्हतील."

तिने लेकीसाठी सगळा विचार केला होता. मला मात्र त्या क्षणी हायसं वाटलं. आता काही कबूल करावं लागणार नव्हतं, कोणाची बोलणी खावी लागणार नव्हती. त्या हायसं वाटण्याची आजही शिसारी येते.

आम्ही ओटीवर परत आलो. मुलगी दारात उभी होती. शेजारीण वाटच बघत होती.

"मग, म्याडम? सांगितलात का काय हिला?"

नुसतं गप्प बसता आलं असतं. तेवढंच तर आईने मागितलं होतं. पण माझ्या तोंडून माझा वर्गातला आवाज आला. मी आईकडे बोट करून हसत म्हटलं, "पुढच्या वर्षी आळस करायचा नाही हं!"

शेजारीण खूश झाली, आईही मोठ्याने हसली. मुलगी तेवढी हसली नाही.