साडूंची दुसरी ग्रेड

चूक समोर दिसत असताना तोंडात घास घालू शकत नाही असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला साडू निघाला. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार होतात, तिथे हे गृहस्थ बत्तीस वर्षं क्वालिटीत होते. त्या लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी असते. सदोष नग दिसला की ती ओढायची. लाइन थांबते आणि कारण सापडेपर्यंत काहीही पुढे जात नाही. निवृत्त होताना कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण दोरीसुद्धा ते मनातल्या मनात घरी घेऊन आले असावेत. पोह्यांत मीठ जास्त पडलं की बशी खाली ठेवून म्हणायचे, "थांबा सगळे." मग मीठ कोणी घातलं, चमचा कोणता होता, दोनदा पडलं का, असा तपास सुरू व्हायचा आणि पोहे गार व्हायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना थांबवलं, कारण मांडवाचा एक खांब तिरका होता. खांब खरंच तिरका होता. आजही आमच्या घरी भांडण झालं की बायको त्या खांबाचा विषय काढते.

खोटं तर त्यांना जमायचंच नाही. फोन आला आणि ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, "मी घरी नाही म्हणून सांगा" अशी खूण केली, तर हे फोनमध्ये सांगायचे, "घरी आहे, पण बोलायचं नाही म्हणते." त्यामुळे ताईंचं माहेर आणि सासर यांत कोण कोणाशी बोलत नाही हे सगळ्यांना नेहमी अचूक माहीत असे. घर कासारवाडी स्टेशनला इतकं खेटून आहे की गाडी आली की बोलणारा हात वर करतो आणि गाडी गेल्यावर वाक्य पुरं करतो. साडूंना येणारी-जाणारी प्रत्येक गाडी पाठ. चार मिनिटं उशीर झाला तरी ते खिडकीतून रुळांकडे नापसंतीनं बघायचे.

त्यांची मुलगी आणि जावई हिंजवडीला नोकरीला. संध्याकाळी त्यांच्या कॅब तिथल्या जॅममध्ये अडकलेल्या असायच्या, म्हणून नात सानिका शाळेतून थेट आजोबांकडे यायची. ती कीबोर्डच्या क्लासला जात होती. त्या क्लासची परीक्षा म्हणजे एका आंतरराष्ट्रीय मंडळाची: पुस्तकं परदेशातून, परीक्षक परदेशातून, पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड. साडूंना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचून ते भारावून गेले. कशाला किती मार्क, काय चालेल, काय चालणार नाही, सगळं छापलेलं. "राव, याला म्हणतात बाहेरचं ऑडिट," ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते सानिकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. बोट चुकलं की म्हणायचे, "थांब. पहिल्यापासून." पोर बिचारी तीन महिने पहिल्यापासूनच वाजवत होती. त्या धुनेचा शेवट काय आहे हे आमच्या घराण्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या ग्रेडच्या परीक्षेत ती तिसऱ्या ओळीला चुकली आणि थांबली. परीक्षक म्हणाला, पुढे वाजव. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, तिथेच पुन्हा चुकली, दाराकडे बघत राहिली आणि रडत बाहेर आली. निकाल नापास. कीबोर्डवर ताईंची जुनी ओढणी पडली ती पडलीच. कोणी विषय काढला की सानिका म्हणायची, "आजोबांनी देऊन दाखवावी आधी." रागाचं बोलणं होतं, पण साडूंनी ते अट म्हणून धरलं. "मी पास झालो तर तू परत बसशील?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि त्रेसष्टाव्या वर्षी यांनी दुसऱ्या ग्रेडचा फॉर्म भरला. मी चेष्टा करायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "कारण सापडलं राव. कारण मी आहे."

मग तयारी सुरू झाली. स्टुलाची उंची त्यांनी कंपनीतल्या पट्टीनं मोजून ठरवली. क्लासला आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या रांगेत ते इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. बोटं बत्तीस वर्षं लोखंडाला सरावलेली, पण तो अडथळा नव्हता. अडथळा वेगळाच होता.

"काका, चुकलं तरी पुढे जायचं. थांबायचं नाही," क्लासच्या बाई म्हणाल्या.

"चुकलेला नग माहीत असून पुढे पाठवायचा?"

"हो."

"बाई, पुढे कोणाची तरी गाडी असते."

"इथे पुढे फक्त पुढची ओळ असते, काका."

हे त्यांना पटलं नाही. पहिल्या परीक्षेला ते परीक्षकासाठी शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ घेऊन गेले, कारण ऑडिटर आला की चाकणला तसंच करतात. दारावरच्या बाईंनी ते सगळं काढून घेतलं. आत तिसऱ्या ओळीला चूक झाली. हे हात उचलून उभे राहिले, पुस्तकात जागा दाखवली, डाव्या करंगळीला उशीर झाला असं कारणही सांगितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. असं तीनदा. वेळ संपली. शेऱ्याच्या कागदावर परीक्षकानं त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं होतं आणि नापास केलं होतं. "बरोबर आहे," एवढंच म्हणून त्यांनी पुढचा फॉर्म मागवला.

त्यानंतरचे महिने त्यांनी चुका सोसायचा सराव केला. एकदा पोहे खारट होते तरी गप्प खाल्ले, तेव्हा ताईंनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं होतं. त्याच्याखाली बसून ते पेपर वाचायचे, पण मान आखडलेली असायची. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

दुसऱ्या परीक्षेला मी आणि सानिका बाहेर बाकावर बसलो होतो. दारातून ऐकू येत होतं. तिसरी ओळ आली आणि ते चुकले. आम्हा दोघांनाही कळलं. सानिकानं माझी बाही धरली. आत एक श्वासभर शांतता झाली, आणि मग चौथी ओळ सुरू झाली. ती वाकडीतिकडी होती, पण चालली. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आजोबा, चुकलात."

"हो."

"थांबला नाहीत."

"नाही," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

काठावर पास झाले. सानिकानं शब्द पाळला. मागच्या रविवारी मी सहज गेलो, तर ओढणी निघालेली होती. साडू तिच्या शेजारी बसले नव्हते. माझ्याबरोबर खिडकीपाशी पेपर धरून बसले होते. तिसऱ्या ओळीला ती अडखळली, मान वळवून तिनं आजोबांकडे पाहिलं. पेपर हलला नाही. ती पुढे वाजवत गेली आणि ती धून तिच्या हातून शेवटाला पोचली. छान शेवट आहे.

मला जिन्यापर्यंत सोडायला ते आले, तेव्हा मी विचारलं, "भाऊ, तिसऱ्या ओळीत चुकली. ऐकलंत ना?"

"नाही राव," ते पायऱ्यांकडे बघत म्हणाले. "नेमकी गाडी गेली तेव्हा."

मी त्यांच्याच खिडकीत बसलो होतो. गाडी गेली नव्हती. मी हात वर करून त्यांचा निरोप घेतला आणि जिना उतरलो.