गोदावरीची चार पेडांची वेणी

कोणाच्या अंगात आलंय म्हणून बोलावलं, की मी आधी थर्मामीटर काढते. बहुतेक वेळा ताप निघतो. तीस वर्षं नर्सिंग केलं. भूत, करणी, बाहेरची बाधा यातलं काहीच मला कधी पटलं नाही. तरी एक हकीकत उरलीच... आणि ती आठवली की भीती नाही वाटत, जळफळाट होतो. आधीच कबूल करते.

दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. मी पंचविशीची, विधवा, अकोल्याला ट्रेनिंग घेऊन वाशीमच्या एका दवाखान्यात लागलेली. अनसिंगजवळच्या खेड्यातून नारायणराव नावाचे शेतकरी डॉक्टरांकडे आले. त्यांची बायको गोदावरी पहिल्या बाळंतपणानंतर बोलेना, जेवेना, पोरीला हात लावीना. "लोक म्हनतात, नागपूरच्या येड्याइच्या दवाखान्यात नेऊन सोडा," ते म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं, आधी घरी नर्स ठेवून पाहा. आणि मला पाठवलं.

गेले तर गोदावरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. एक पाय बैलाच्या कासऱ्याने बाजेला बांधलेला. मी कासरा सोडला. सासूला सगळे माय म्हणत. ती म्हणाली, "पयते ते. मंग कोन पकडन?"

"मी पकडीन," मी म्हणाले.

आठ दिवस मी तिचं अंग पुसलं, कूस बदलली, दातखीळ बसलेली असताना चमच्याने दूध पाजलं. दोन चमचे जायचे. फणी हातात घेतली की किंचाळायची, म्हणून केसांच्या जटा झालेल्या. सगळं चार्टवर लिहीत होते. मला खात्री होती, हळूहळू येईल माझ्या हाताखाली.

नवव्या दिवशी दुपारी तिच्याजवळ ताट ठेवून मी ओसरीवर जेवायला बसले. माय समोर. खोलीला दार एकच, तेही आमच्या नजरेसमोर. जेवून आत गेले... गोदावरी उठून बसली होती. ताट रिकामं. केसांना तेल लावून वेणी घातलेली. साधी नाही, चार पेडांची, चापूनचोपून.

"कोणी घातली?"

पहिल्यांदाच बोलली ती. "बाई आल्ती."

"कोणती बाई?"

"मले काय माईत. तिचा हात गरम हाये. तुमचा लय थंडा लागते."

मी मायवर संशय घेतला, पण तिची बोटं संधिवाताने आखडलेली, आणि ती तर माझ्यासमोर बसलेली. कामाच्या बायांना विचारलं. चार पेड कोणालाच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि उंबऱ्याशी बसून राहिले. खिडकीला लोखंडी गज. तासाने दार उघडलं तर ताट रिकामं, वेणी नवी.

कोणीही घाबरलं असतं. मी घाबरले नाही — मला राग आला. तीन वर्षांचं ट्रेनिंग माझं, मलमूत्र काढायची मी, आणि दुपारी कोणीतरी यायचं आणि तिच्या तोंडावर हसू ठेवून जायचं! तिला हात लावण्याआधी मी हात गरम पाण्यात बुडवू लागले. सुताच्या दोऱ्यांवर चार पेडांची वेणी शिकले. एका सकाळी फणी घेऊन बसले, तर गोदावरीने हळूच माझा हात बाजूला केला.

"राहू द्या तुमी. ते बाई येते ना."

त्याच दिवशी मी नारायणरावांना सांगितलं, ही खोली ओली आहे, पेशंटला माडीवर हलवा. चार्टवर लिहिलं — हवेशीर खोली. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. माडीवर मी दुपारीही तिला सोडलं नाही. चार दिवस. वेणी कोणी घातली नाही. तिने अन्नही सोडलं. दूध ओठांवरून वाहून जायचं. नाडी दोऱ्यासारखी बारीक झाली.

पाचव्या दिवशी नारायणरावांनी दमणीला बैल जुंपायला सांगितले. "बाई, तुमी केलं तेवढं केलं. आता नागपूरलेच नेतो."

"एक दिवस थांबा," मी म्हणाले. "तिला खाली आणा."

खाली आणून बाजेवर निजवलं, ताट ठेवलं. सगळ्यांना बाहेर काढलं. मग त्या रिकाम्या खोलीला उद्देशून... लिहायलाही लाज वाटते... म्हणाले, "मी बाहेर बसते. तुम्ही बघा हिच्याकडे." इतकं कमीपण मला नवरा गेल्यावर सासरी केस उतरवले तेव्हाही वाटलं नव्हतं.

दार ओढून बसले. थोड्या वेळाने आतून गोदावरीचा आवाज आला. एक वाक्य बोलायची, थांबायची, मग "हो ना" म्हणायची. समोरचं कोणी बोलत असावं तशी. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. मग दार तिनेच उघडलं. वेणी घातलेली.

"माय," ती म्हणाली, "पोरगी कोठी हाये माही?"

त्यानंतर ती झपाट्याने सुधारली. पोरीला पाजू लागली, चुलीपाशी बसू लागली. दुपारची वेणी एके दिवशी थांबली, तिने तक्रार केली नाही. डॉक्टरांचं म्हणणं, असे पेशंट स्वतःच सगळं करतात आणि नाव दुसऱ्याचं सांगतात. असेल. पण डोक्यापर्यंत हात उचलवत नव्हता तिला तेव्हा, आणि चार पेड तिला बरी झाल्यावरही येत नव्हते. मी घालून पाहायला सांगितलं होतं.

मी निघाले त्या दिवशी ती नवी साडी हातात घेऊन ओसरीवर आली. माझ्याकडे पाहिलं आणि मायला विचारलं, "ह्या कोन?"

"अवं, नर्सबाई. दोन मयने तुयं सारं केलं इनं."

गोदावरी ओशाळली. आजारातलं तिला सगळं आठवत होतं — कासरा, माडी, दुधाची चव. मीच तेवढी नव्हते त्यात, काल-परवापर्यंत रोज समोर असूनही. "म्या तं त्या बाईसाठी काढली व्हती," ती साडीकडे बघत म्हणाली.

मायने तिच्या हातातून घेऊन ती साडी माझ्या हातात दिली. नको म्हणायला हवं होतं. मी घेतली, घट्ट धरून दमणीत बसले. ती कोणाची होती, हे मला अजून कळलेलं नाही.