दुसऱ्या बोरीला गेलेलं पार्सल

"आज तरी आलं काय, मॅडम?"

महादेवभाऊंनी खिडकीपाशी येऊन विचारलं तो रविवार सोडून सलग नववा दिवस होता. मी मेलबॅग उघडून पार्सलं बाजूला लावली होती. त्यांचं नव्हतं. मी नुसती मान हलवली. एरवी ते "बरं" म्हणून निघून जायचे. त्या शुक्रवारी गेले नाहीत. खिडकीच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सातच गोळ्या राह्यल्या जी."

बोरी अरबच्या पोस्टात मी तेव्हा सब-पोस्टमास्तर होते. कापसाचे वाईट दिवस होते ते. रजिस्टर्ड टपाल म्हटलं की गावात लोक दचकायचे. रजिस्टर्ड म्हणजे कर्जाची नोटीस, अशीच समजूत. सही करायला पेन पुढे केला की माणूस आधी आपले हात पुसायचा, मग पाकिटाकडे बघायचा, मग पोस्टमनकडे. रजिस्टर्डची वाट बघणारे, आपणहून विचारायला येणारे महादेवभाऊ एकटेच होते.

ते शिंपी. बाजाराच्या रस्त्याला घर आणि पुढच्या खोलीतच मशीन. कुसुमताई त्यांची बायको. मुलगी उमरखेडला दिलेली आणि तेव्हा नुकतीच बाळंत झालेली. घरात ही दोघंच.

कुसुमताईंचा आजार मला आधी कळलाच नव्हता. मग भाऊंनी एकदा नीट सांगितलं. शरीराला लकवा नाही, दुखणं नाही, पण स्नायू दमतात. पापण्या खाली येतात. घास चावता चावता जबडा थांबतो. आवाज नाकातून येऊ लागतो आणि मग येतच नाही. गोळी पोटात गेली की अर्ध्या तासानं हे सगळं सुधारतं आणि तीन-चार तास बरं चालतं. म्हणून दिवसातून चार गोळ्या. जेवण भरवायचं तेही गोळीनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर ठसका लागतो आणि अन्न श्वासनळीत जातं. ही गोळी तेव्हा यवतमाळच्या दुकानांत मिळत नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी तिथल्याच एका दुकानाची ओळख करून दिली होती. डॉक्टरांची चिठ्ठी पोस्टानं जायची आणि महिन्याभराच्या गोळ्या रजिस्टर्ड पार्सलनं यायच्या.

मी भाऊंना आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि नागपूरच्या दुकानाला फोन लावला. दुकानदारानं पावतीचा नंबर सांगितला. पार्सल दोन आठवड्यांपूर्वीच निघालं होतं. मी विचारलं, पत्ता काय लिहिला? तो म्हणाला, "नेहमीचाच. मु. पो. बोरी."

"अरब लिहिलं का? जिल्हा? पिनकोड?"

तो म्हणाला की पत्ते लिहिणारा नेहमीचा माणूस रजेवर होता.

पिनकोड म्हणजे काय ते लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. पत्त्यावरचं गावाचं नाव माणसांसाठी असतं. टपाल ज्या ठिकाणी गावानुसार वेगळं करतात, म्हणजे सॉर्टिंगला, तिथं आधी तो सहा आकडी नंबर बघतात. नंबर नसेल तर सॉर्टर नाव वाचतो. आणि बोरी नावाची गावं आपल्याकडे जिथं बोरीची झाडं तिथं आहेत.

मी पिनकोडचं जाडं पुस्तक काढलं आणि एकेका बोरीला फोन लावत गेले. पहिल्या ठिकाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी फोनच लागेना. भाऊ स्टुलावर बसून माझ्या बोटाकडे बघत होते. चौथा फोन परभणीकडच्या बोरीला लागला. तिथले पोस्टमास्तर शांत आवाजाचे होते. त्यांनी रजिस्टर चाळलं.

"आहे की. महादेव शिंपी. इथं या नावाचे तिघं आहेत, तिघांनीही आपलं नाही म्हणून सांगितलं. मुदत संपली, आता सोमवारी परत पाठवणार होतो."

मी म्हटलं, त्यात औषध आहे. ते म्हणाले, बॅगेतून तुमच्याकडे लावून देतो. मी मनात हिशेब केला. परभणी, मग पुढचं सॉर्टिंग, मध्ये रविवार. बुधवारच्या आत काही येत नव्हतं. गोळ्या उद्यापर्यंतच्या. घेणारा माणूस स्वतः ओळख घेऊन आला तर खिडकीवर देता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत पाठवा. तुम्ही त्यांच्या सहीचा नमुना आणि एक पत्र द्या. मी ऑफिसात थांबतो."

मला वाटलं, सुटलं. पण भाऊ उठले नाहीत. परभणीकडे जाऊन परत यायचं म्हणजे अख्खा दिवस. तेवढा वेळ कुसुमताईंना भरवणार कोण? एकदा शेजारणीच्या हातून भरवताना ठसका लागून त्या निळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून बाया पाणी पाजायलाही भीत. माझ्या आईला शेवटची दोन वर्षं मी चमच्यानं भरवलं होतं. मी म्हटलं, उद्या मी रजा टाकते. भाऊंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि दुपट्ट्यानं चष्मा पुसत बसले.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं ते गेले. जाण्यापूर्वी मला सगळं दाखवलं. गोळीची वेळ, पेज किती पातळ, मान किंचित पुढे ठेवायची, एका घासानंतर दहा आकडे मोजायचे. डॉक्टरांची एक सूचना त्यांनी दोनदा सांगितली. श्वास लागला तर गोळीची वाट पाहायची नाही, सरळ जीप करून यवतमाळ गाठायचं. जीपवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं.

कुसुमताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी गेले तेव्हा पापण्या जवळजवळ मिटलेल्या होत्या. गोळी दिल्यावर त्या हळूहळू उघडल्या. आधी डावी, मग उजवी. त्यांनी मला नीट बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पोस्टातल्या मॅडम एवढ्या लहान दिसतात काय!"

बोलायला मिळणारा वेळ थोडा, म्हणून त्या फालतू बोलत नसत. पेज झाली की त्यांनी मला विचारलं, माझी मुलं काय करतात, आई कशानं गेली. दुपारच्या गोळीनंतर मशीनवर अर्धा राहिलेला शाळेचा शर्ट मागवून घेतला आणि त्याची बटणं लावली. चार बटणं झाली, पाचव्याला बोटं थांबली. तसंच सुई टोचून ठेवत म्हणाल्या, "राहू द्या. ते करतीन आल्यावर."

संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानात भाऊंचा फोन आला. पार्सल हातात होतं. पण वाटेत कापसाच्या भावासाठी रास्ता रोको चालू होता. गाड्यांची रांग लागलेली, सकाळशिवाय रस्ता मोकळा होत नव्हता. "तिले काय देणार आता?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. रात्रीची शेवटची गोळी होती. सकाळची नव्हती.

मी घरात आले आणि जीपवाल्याला निरोप द्यायला निघाले. मनात एकच विचार होता, सकाळी घशाखाली थुंकीसुद्धा उतरली नाही तर? कुसुमताईंनी माझा पदर धरला. पाच वाजताची गोळी अजून काम करत होती.

"मशीनच्या ड्रॉवरात, बॉबिनच्या डब्यात पाहा."

डब्यात बॉबिनांच्या खाली कापड बेतायच्या कागदाची पुडी होती. आत नऊ गोळ्या.

मी कागद घेऊन तशीच उभी राहिले. त्यांनी सांगितलं. गेले काही महिने पार्सल कधी दोन दिवस, कधी पाच दिवस उशिरा यायचं. तेव्हापासून त्या अधूनमधून रात्रीची गोळी घेत नव्हत्या. तोंडात धरायच्या आणि भाऊ दिवा मालवायला वळले की काढून ठेवायच्या.

"रात्री झोपाचंच असते मॅडम. डोये उघडून कायले पाहाचं?"

मी विचारलं, आणि सकाळी? त्या म्हणाल्या, सकाळी जड जाते. पण पोस्टातून रिकाम्या हातानं परत आलेलं त्यांचं तोंड पाहिलं की त्याहून जड जाते.

नऊ दिवस मी खिडकीतून मान हलवली होती. त्यात माझी चूक नव्हती, पार्सल माझ्याकडे आलंच नव्हतं. तरी त्या खोलीत मला कुठं बघावं ते कळेना. थोड्या वेळानं मी त्यांना म्हटलं, ताई, हे त्यांना सांगावं लागेल. गोळी चुकवणं या आजारात धोक्याचं आहे, डॉक्टरांनाही कळायला हवं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आपणहून मिटले की मिटले गेले, ते समजलं नाही. मग म्हणाल्या, "मीच सांगन. तुम्ही फक्त बसून राहा."

मी तिथंच सतरंजी टाकून झोपले. सकाळची गोळी पुडीतून दिली.

दहाच्या सुमाराला भाऊ आले. डोळे लाल, कपडे चुरगळलेले, पार्सल दुपट्ट्यात बांधून पोटाशी धरलेलं. आल्याबरोबर त्यांनी कुसुमताईंच्या पापण्यांकडे बघितलं. त्या उघड्या होत्या. ते गोंधळून माझ्याकडे वळले. कुसुमताईंनी पुडी उघडून पुढे केली आणि तीन-चार वाक्यांत सांगून टाकलं.

भाऊ रागावतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले. बराच वेळ त्या पुडीतल्या गोळ्या बोटानं इकडून तिकडं करत राहिले.

"मले वाटे रोग वाढून राह्यला," ते म्हणाले. "रोज सकाळी तुले पाहून मले वाटे, आता थोडेच दिवस. म्या कोनाले सांगितलं नाही."

कुसुमताईंनी हात पुढे केला. त्या तो जरा वेळच वर धरू शकत होत्या. भाऊंनी तो खालून धरला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून घेतला. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. साखर कुठं आहे ते माहीत नव्हतं, तरी विचारायला बाहेर आले नाही.

पुढचं सरळ झालं. मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कुसुमताईंना दोन ओळींत खडसावलं आणि एका महिन्याच्या जास्तीच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवली, की घरात कायम महिन्याचा साठा राहावा. भाऊंनी कॅलेंडरवर पंधरा तारखेला खूण करायला सुरुवात केली. त्या दिवशी नवी चिठ्ठी पोस्टात पडायची, गोळ्या संपायची वाट बघायची नाही. मी पूर्ण पत्त्याचा रबरी शिक्का बनवून घेतला, अरब, तालुका, जिल्हा, पिनसकट, आणि छापलेली कोरी लेबलं नागपूरच्या दुकानात पाठवून दिली. पार्सलं त्यानंतरही उशिरा आली. पण घरात कुणाला तोंडातली गोळी काढून ठेवावी लागली नाही. दोन महिन्यांत कुसुमताई अख्ख्या शर्टाची बटणं एका बैठकीत लावू लागल्या.

वरच्या ऑफिसातून मला विचारणा आली. आपल्या हद्दीतलं पार्सल दुसऱ्या हद्दीत का दिलं गेलं, खुलासा करा. मी लिहिलं, पत्ता अपुरा होता, घेणारा पुरा होता. साहेबांनी त्यावर काही शेरा मारला नाही. फाइल बंद झाली.

मी निवृत्त होईपर्यंत एक सवय मात्र लागली. कुणी तिसऱ्यांदा त्याच पार्सलची चौकशी करायला आलं, की मी विचारायचे, आत काय आहे आणि घरात किती दिवसांचं उरलंय? हा प्रश्न आमच्या कुठल्याच फॉर्मवर नाही. विचारायला बंदीही नाही.